माळ्यावरच्या कॅसेट



परवा क्षमावाणीला मी एका बाईंना फोन केला. आमचं नातं काही नाही, ओळखही जेमतेम वर्षाची. म्हटलं, "ताई, माझं चुकलं होतं, क्षमा करा." त्यांना आधी कळेचना कशाबद्दल. मग सांगितलं, तर म्हणाल्या, "अहो, शेवटी दिलंत ना तुम्ही!" त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं. माझ्या मनातून मात्र ते जात नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे. आपल्यापैकी अनेकींच्या माळ्यावर असा एखादा डबा असणार, म्हणूनही.

आमचं घर मंडईच्या मागच्या गल्लीत. सासऱ्यांचं, म्हणजे आप्पांचं, रविवार पेठेत भांड्यांचं दुकान होतं. आप्पांचं आयुष्य सरळ होतं. सकाळी मंदिर, दिवसभर दुकान आणि रात्री तबला. ते स्वतः वाजवत नसत, फक्त ऐकत. सूर्यास्ताआधी जेवून घेत आणि मग कुठे बैठक असेल तिथे रात्रभर बसत. तिथला चहा नाही, कोजागिरीचं दूधही नाही. बगलेत मात्र टेपरेकॉर्डर. तबल्याला चामडं असतं म्हणून सासूबाई तो घरात येऊ देत नसत. कॅसेटला त्यांची हरकत नव्हती.

अशा दीडशे कॅसेट आप्पा मागे ठेवून गेले. काही रेडिओवरून उतरवलेल्या, त्यात उस्ताद अहमदजान थिरकवाँ साहेबांचं वादन. काही पेठेतल्या घरगुती बैठकींच्या, यजमानांना आणि कलाकारांना विचारून घेतलेल्या. फरसाणाच्या चार डब्यांत भरून आम्ही त्या माळ्यावर टाकल्या.

पाच वर्षांपूर्वी या ताईंचा फोन आला. कुणाकडून तरी नंबर मिळवला होता. त्यांचे वडील पेठेत तबल्याच्या शिकवण्या करत, बैठकीत साथीला बसत. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका कधी निघाली नाही. "आमच्याकडे बाबांचे फोटो आहेत, वाजवणं नाही. तुमच्या सासऱ्यांनी 1984 च्या कोजागिरीची बैठक टेप केली होती म्हणतात. बघाल का?"

मी घरात विचारलं. मोठे भाऊजी म्हणाले, "एकदा दिलं की सुटलं. लोक मोबाइलवर फिरवतील, विकतील. आप्पांनी जीव लावून जमवलंय." मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू? आपल्याकडे आहे आणि दुसऱ्या कुणाकडे नाही, यात एक सुख असतं. मी ताईंना फोन करून सांगितलं, "सापडत नाहीत हो."

सापडत होत्या. डोक्यावरच्या माळ्यावरच होत्या.

मग 15 डिसेंबर 2024 ला उस्ताद झाकिर हुसेन गेले. तुम्हालाही आठवत असेल, त्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर त्यांचं जुनं वादन येत होतं. कुणाकडचं चाळीस वर्षांपूर्वीचं, कुणी पडद्याआडून घेतलेलं. माझा मुलगा तबल्याच्या दर्दींच्या एका गटात आहे. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, पण एखादी तिहाई कुठे सुरू झाली यावर रात्री बारापर्यंत भांडतात. मला आधी हसू यायचं. मग त्यांचं बोलणं ऐकत गेले आणि एक गोष्ट ध्यानात आली.

जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. गाणं तेवढ्यात कसंबसं बसवता येई. तबल्याच्या एकल वादनाचं काय? आधी पेशकार सावकाश मांडायचा, मग कायदा घेऊन त्याचे पलटे करायचे, मग रेला, मग गती आणि तुकडे. याला अर्धा-पाऊण तास लागतो. आणि साथ करणाऱ्याचं तर तबकडीवर नावही पुष्कळदा नसे. म्हणजे हे वादन खरं जगलं ते बैठकीत आणि रेडिओवर. थिरकवाँ साहेबांसारखा माणूस बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत किती वर्षं साथीला होता! त्या रात्रींमधलं आज किती ऐकायला मिळतं? जे उरलं ते कुणीतरी घरी जपलेल्या फितीवर उरलं. आप्पांसारख्या लोकांचा छंद हाच या कलेचा पुरावा आहे.

मुलगा रॉक संगीतही ऐकतो. तो म्हणाला, "आई, तिकडे हा प्रश्न कधीच सुटला." अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाचा बँड होता. त्यांचे चाहते कार्यक्रमात टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. बँडने त्यांना हाकललं तर नाहीच, उलट 1984 पासून त्यांच्यासाठी बसायला वेगळी जागाच ठेवली. अट एकच, टेप एकमेकांना द्या, विकू नका. त्या बँडचे ड्रमवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकले आणि 1991 मध्ये त्यांनी झाकिरभाईंबरोबर 'प्लॅनेट ड्रम' केला. 1984 म्हटल्यावर मी गप्प झाले. त्याच वर्षीची कोजागिरी आमच्या माळ्यावर होती.

मैत्रिणींनो, अपरिग्रहावर आपण किती प्रवचनं ऐकतो! साड्या मोजतो, दागिने मोजतो, "यंदा नवीन भांडं घेणार नाही" असा नियम घेतो. पण दुसऱ्याला मिळू नये म्हणून धरून ठेवलेली वस्तू हा परिग्रहच, मग ती फरसाणाच्या डब्यातली का असेना. मला तर वाटतं तो जास्त जड परिग्रह, कारण तो आपल्याला जपणुकीसारखा दिसतो.

आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. धवला ग्रंथाच्या ताडपत्री पोथ्या कित्येक शतकं मूडबिद्रीला होत्या. लोक दर्शन घेत, वाचायला मात्र मिळत नसे. त्या जपल्या म्हणून टिकल्या, हे खरंच. पण सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांनी नकला व्हाव्यात म्हणून खटपट केली, नकला झाल्या, आणि 1939 मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी आपल्या अमरावतीहून षट्खंडागमाचा पहिला भाग छापून काढला. आज श्रुतपंचमीला आपण ते खंड पाटावर मांडून पूजा करतो. पोथी कुलपातच राहिली असती तर आपण कशाची पूजा केली असती? मी तबल्याला आगम म्हणत नाही, गैरसमज नको. पण शास्त्रदानाला आपण चार दानांत जागा दिली आहे ती एवढ्यासाठीच. ज्ञान दिल्याने कमी होत नाही आणि न दिल्याने मात्र कुजतं.

कुजतं, हे मी शब्दशः म्हणते आहे. गेल्या जानेवारीत आम्ही डबे उघडले. कोजागिरीच्या कॅसेटला पांढरी बुरशी आली होती. त्या गटातले एक आजोबा कापडी पिशवीत स्वतःचा डेक घेऊन मंडई स्टेशनवर मेट्रोतून उतरले. जिना चढून आले, चहा नको म्हणाले आणि तीन तास बसून फीत हाताने गुंडाळून, पुसून काढली. एक बाजू गेलीच होती. दुसऱ्या बाजूची अकरा मिनिटं मिळाली.

मग मी ताईंना बोलावलं. त्या आल्या, आमच्या स्वयंपाकघरातच बसल्या. गाणाऱ्याचा आवाज पुढे, तबला जरा मागे. मध्येच गायक थांबले आणि तबल्याला जागा दिली. दीड मिनिट असेल. ताई म्हणाल्या, "हे बाबा घरी पोळ्या होईपर्यंत पाटावर वाजवायचे." पुन्हा लावा म्हणाल्या. पुन्हा लावलं. मी समोर भाजी निवडत होते आणि मला सारखं वाटत होतं, पाच वर्षांपूर्वी दिली असती तर दुसरी बाजूही निघाली असती. मधले पाच पावसाळे मी त्या फितीला दिले.

आता भाऊजींचं म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. लोक फिरवतात, कापतात, स्वतःच्या नावाने टाकतात आणि पैसे मिळवतात. अपरिग्रह जसा व्रत आहे तसं अचौर्यही आहे. आपल्याकडची फीत आपली असते, तिच्यातलं वाजवणं आपलं नसतं. कायदाही कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर 50 वर्षं हक्क देतो. म्हणून कलाकार हयात असेल तर त्यांना विचारावं, नसेल तर मुलाबाळांना. घरगुती बैठक असेल तर यजमानांनाही. कुणी नको म्हटलं तर जगासमोर टाकू नये, पण नक्कल करून त्या घरी जरूर पोचवावी. विचारायचं आहे ही सबब करून न देणं मात्र वेगळं. मी ताईंना कुणाची परवानगी हवी म्हणून नाही म्हटलं नव्हतं. त्या तर स्वतःच वारस होत्या!

आणि एक, सत्य. त्या गटात एकाच वादनाला तीन जणांनी तीन उस्तादांची नावं लावलेली मी पाहिली. मोठं नाव लावलं की जास्त लोक ऐकतात. त्यात खऱ्या वाजवणाऱ्याचं नाव कायमचं पुसलं जातं. ठाऊक नसेल तर 'तबला : नाव माहीत नाही' असं लिहावं. रेडिओवरचं असेल तर आकाशवाणीचं आहे हे लिहावं. आणि फक्त टाळ्यांची तीस सेकंदं कापून पाठवू नयेत. पेशकार न ऐकता शेवटची तिहाई ऐकणं म्हणजे पारण्याचं ताट बघून उपवास कळला म्हणण्यासारखं आहे.

आमच्या या मंडईत आर्यन आणि मिनर्व्हा अशी दोन थिएटरं होती. आता ती नावं वाहनतळांना उरली आहेत. नवी मुलं 'आर्यनला गाडी लावली' म्हणतात, तिथे लोक सिनेमाला जात हे त्यांना माहीतही नाही. नाव टिकतं, आवाज टिकत नाही. आवाज कुणीतरी दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो.

या अनंत चतुर्दशीला माझा उपवास होता. टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघाली आणि दिवसभर खिडकीखाली ढोल-ताशा. दरवर्षी मी खिडक्या लावून स्वाध्यायाला बसते. या वर्षी थोडा वेळ उघडी ठेवली. खाली पोरं वाजवत होती, शंभर मोबाइल वर धरलेले होते. वाटलं, यातलं चाळीस वर्षांनी काय उरेल? ज्याने नाव-तारीख लिहून दोन ठिकाणी ठेवलं असेल तेवढंच.

आता दिवाळीची आवराआवर येईल. माळ्यावर कॅसेट निघाल्या तर लगेच यंत्रात घालू नका, बुरशी असेल तर फीत तुटते. उन्हातही ठेवू नका. कोरड्या डब्यात उभ्या ठेवा, वरची चिठ्ठी फाटली असेल तर त्यावरचा मजकूर वहीत उतरवा. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा, कोण गातंय, साथीला कोण, कुणाचं घर. हे सांगणारी माणसं फितींपेक्षा लवकर जातात. मग जाणकाराकडून नक्कल करून घ्या. मूळ आपल्याकडे ठेवा, नक्कल ज्यांची आहे त्यांना द्या.

आमचे तीन डबे अजून व्हायचे आहेत. भाऊजी आता दर रविवारी स्वतः चिठ्ठ्या उतरवायला बसतात. आप्पांचं अक्षर त्यांनाच लागतं.

उत्तम क्षमा.