वेदना आपल्या, प्रश्न कोणाचे?

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढले की, फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. ओरड झाल्यावर ते पत्र लगेच मागेही घेतले. पण ‘डॉ.’ कुणी लावावे या भांडणात खरा प्रश्न बाजूला राहिला. या विषयातले ज्ञान कोण निर्माण करतो? आंबेडकरी तरुणांनी विचारायचा प्रश्न हा आहे.

आपल्या वस्त्यांतून आता मुलेमुली फिजिओथेरपीला जाऊ लागली आहेत. नीट, बीपीटीएच, इंटर्नशिप, मग एखाद्या खासगी दवाखान्यात तुटपुंज्या पगाराची नोकरी. घरचे म्हणतात, झाले शिक्षण, आता कमव. एमपीटीएचपर्यंत थोडे जातात. पीएच.डी.चे नाव काढणारे आम्हाला क्वचितच भेटतात.

कंबरदुखी मोजायला जगभर ‘ऑस्वेस्ट्री’ नावाची प्रश्नावली वापरतात. ती 1980 मध्ये इंग्लंडमधून आली. खुर्चीत किती वेळ बसता येते, असे तिच्यात विचारले जाते. आता ती ऊसतोड करणाऱ्या बाईपुढे ठेवा. तिच्या कोपीत खुर्चीच नाही. ती दिवसभर वाकून ऊस तोडते, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरते. तिला सल्ला मिळतो, वजन उचलू नका, पंधरा दिवस आराम करा. आराम केला की खाडा, खाडा झाला की दंड, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर तशीच. तो सल्ला शास्त्राला धरून असेलही, पण तो देताना तिचे जगणे कुणी विचारात घेतलेले नाही.

सफाई कामगाराच्या झाडूचा दांडा किती लांब हवा? कचऱ्याची पाटी किती भरावी? वर्षानुवर्षे ओझे वाहून मणका झिजला तर तो कामाचा आजार मानायचा की नशिबाचा? नुकसानभरपाई कुणी द्यायची? हे सगळे पीएच.डी.चे विषय आहेत. ज्याच्या घरात ती पाठ दुखते, त्याला ते आधी सुचतील. जातीने ओझे एकाच्या डोक्यावर दिले आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार दुसऱ्याला. ही वाटणी मोडायची असेल तर आपल्या माणसांनी संशोधनात उतरले पाहिजे.

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेला हा माणूस मजुराची अवस्था डोळ्यांनी पाहायला खाली गेला. ज्ञान आणि श्रमिक यांचे नाते असे असते.

इथे एक सावधगिरी. परदेशी पाठवणारे एजंट अमेरिकेतली ‘डीपीटी’ ही पीएच.डी.च आहे असे भासवतात. तसे नाही. तिथे 2016 पासून फिजिओथेरपिस्ट होण्यासाठीच ही साधारण तीन वर्षांची पदवी लागते. बाबासाहेब 1913 मध्ये ज्या कोलंबियात गेले, तिथेही ती शिकवतात. ती व्यवसायाची पदवी आहे, संशोधनाची पीएच.डी. वेगळी. कर्ज काढण्याआधी, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधी हा फरक नीट समजून घ्या.

कुणी म्हणेल, आधी पोटाचे पाहू द्या, पीएच.डी. नंतर. हे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच फेलोशिप ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. तरीही बार्टीच्या फेलोशिपसाठी 2023 मध्ये संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले. त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात, पीएच.डी. करून काय होणार, असे सत्तेतूनच विचारले गेले. त्याचे उत्तर त्या ऊसतोड बाईच्या कमरेत आहे.

आमची मागणी सरळ आहे. फेलोशिप वेळेवर द्या आणि फिजिओथेरपीसारख्या विषयांना तीत ठळक जागा द्या. कार्यकर्त्यांनीही जयंतीच्या वर्गणीतला काही वाटा अशा एका तरी विद्यार्थ्याच्या प्रवेश शुल्कासाठी आणि पुस्तकांसाठी काढावा. आणि तरुणांनो, पदवीवर थांबू नका. आपल्या आईबापांच्या पाठीवर दुसरे कुणी लिहील, याची वाट पाहत बसू नका.

जय भीम.