फिरतें चक्र आणि थांबलेलें काम

गेल्या जून महिन्यांतील गोष्ट. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील परीक्षेच्या अर्जाची फी मोबाइलवरून भरण्यासाठीं शिक्षकांच्या खोलींत आले. दिवसाची मजुरी बुडवून ते आले होते. त्यांनीं रकमेचा आंकडा घातला, बटण दाबलें, आणि पडद्यावर तें आपणां सर्वांच्या परिचयाचें लहानसें चक्र फिरूं लागलें. तें फिरतच राहिलें. पांच मिनिटें झालीं, दहा झालीं. अखेरीस त्यांनीं मला विचारलें, "सर, पैसे गेले म्हणायचे, कीं राहिले?" वीस वर्षें मुलांना शिकवीत आलेला मी, परंतु ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर मला देतां येईना. त्यांनीं पुन्हां बटण दाबलें. सायंकाळीं बँकेचे दोन संदेश आले. फी दोनदां कापली गेली होती. एक रक्कम परत मिळाली खरी, पण ती बाराव्या दिवशीं.

तें ॲप कोणाचें, हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आपल्या शाळेंतील कित्येक मुलें आतां स्वतः ॲप बनविण्यास शिकत आहेत, आणि त्यांच्या आईबापांना तर असल्या चक्रापुढें रोजच बसावें लागतें. म्हणून ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूविषयीं चार शब्द लिहावेत असें मनांत आलें.

प्रथम हें चक्र फिरतें कसें, तें पाहूं. प्रत्येक ॲपला एक मुख्य धागा असतो. प्रोग्रामर त्यास मेन थ्रेड म्हणतात. पडदा रंगविणें आणि बोटाचा स्पर्श ओळखणें हीं दोन्ही कामें त्याच्याकडे असतात. दूरच्या सर्व्हरकडून माहिती आणण्याचें लांबलचक कामहि त्याच्याच गळ्यांत बांधलें, तर पडदा गोठतो; अँड्रॉइडवर स्पर्शाला 5 सेकंदांत उत्तर मिळालें नाहीं, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना येते. म्हणून जाणता प्रोग्रामर तें काम दुसऱ्या धाग्याकडे सोपवितो आणि मुख्य धाग्यावर चक्र फिरतें ठेवतो. योजना उत्तम आहे. परंतु तिचा एक परिणाम पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं: चक्र फिरविणारा एक आणि काम करणारा दुसरा! काम मध्येंच बंद पडलें, तरी चक्राला त्याची वार्ता नसते. कचेरींत पंखा फिरत आहे म्हणून त्याखालच्या खुर्चींत कारकून बसला आहे असें होत नाहीं. तशांतलाच हा प्रकार.

काम एकंदर किती आणि त्यांतील झालें किती, हें ठाऊक असेल, तर चक्राऐवजीं भरत जाणारी पट्टी दाखवितां येते. फ्लटरमध्यें तर गोल सूचकाला 0 पासून 1 पर्यंतचा आंकडा पुरविला, कीं तो झालेल्या कामाइतका भरतो. आंकडा न दिला, कीं नुसता गरगरत राहतो. फाइल किती बाइटांची आहे हें सर्व्हरनें आरंभींच कळविलें, तर हा आंकडा काढणें म्हणजे प्राथमिक शाळेंतील भागाकार होय. अशी सोय असतांहि कित्येक जण चक्रावरच भागवितात. ह्याला आळस म्हणूं नये तर काय म्हणावें?

ब्रॅड मायर्स यांनीं 1985 सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेंत मांडलेल्या निबंधांत, काम किती टक्के झालें हें दाखविणारा सूचक लोकांना हवासा वाटतो, असें प्रयोगानें दाखविलें. त्याच वर्षीं डेव्हिड मेस्टर यांनीं रांगेंत तिष्ठणाऱ्यांच्या मनाविषयीं लिहितांना सांगितलें, कीं किती वेळ थांबावयाचें हें ठाऊक नसलें, म्हणजे तेवढाच वेळ अधिक लांब भासतो. जेकब नील्सन यांनीं 1993 सालच्या आपल्या ग्रंथांत 10 सेकंदांची मर्यादा सांगितली. त्यापुढें माणसाचें लक्ष कामावर टिकत नाहीं. आमचे ते पालक दहा मिनिटें बसले होते.

ह्या मानसशास्त्राचा दुसराहि उपयोग करण्यांत आला आहे. 2010 सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठांतील क्रिस हॅरिसन व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें, कीं पट्टीवरील रेषा उलट्या दिशेनें सरकत ठेवल्या, तर तोच वेळ सुमारें 11 टक्के कमी भासतो. हा डोळ्यांना दिलेला दिलासा आहे, आणि त्याला माझी हरकत नाहीं. आजारी मुलाला गोष्ट सांगून आपण त्याची रात्र सुसह्य करतोंच ना? परंतु कांहीं ॲपांत पट्टी कामावर नव्हे, घड्याळावर चालविलेली असते. ती झपाट्यानें 99 पर्यंत धांवते आणि तेथें अडून बसते. तो शेवटचा एक टक्का म्हणजे सगळेंच काम असूं शकतें! हा दिलासा नव्हे. हें असत्य आहे. काम किती राहिलें हें खरोखरच कळत नसेल, तर आंकडा न दाखवितां "अर्ज पाठवीत आहों" एवढेंच स्पष्ट मराठींत लिहावें.

एक माजी विद्यार्थी आज ह्याच धंद्यांत आहे. त्याला मी हें ऐकविलें, तेव्हां तो म्हणाला, "सर, सर्व्हर दुसऱ्याचा, जाळें तिसऱ्याचें, आम्ही करणार काय?" त्याचें म्हणणें अगदींच फोल नव्हे. तथापि बोलतां बोलतां त्यानेंच उपाय सांगितले. वाट पाहण्यास मुदत घालावी. काम यशस्वी होवो वा फसो, दोन्ही प्रसंगीं चक्र थांबविणारी ओळ लिहावी. पहिला निरोप गेल्यावर बटण निष्क्रिय करावें. आणि प्रत्येक भरण्याला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे तोच निरोप दोनदां पोंचला तरी सर्व्हर तो एकच धरील. एवढें केलें असतें, तर त्या गृहस्थांची फी दोनदां कापली गेली नसती. मग तें करीत कां नाहींत? तर कचेरींतील वेगवान वाय-फायवर चक्र क्षणभर दिसून नाहींसें होतें, आणि लिहिणाऱ्याला तें पुरेसें वाटतें. अँड्रॉइडच्या एम्युलेटरमध्यें मंद जाळ्याची नक्कल करण्याची सोय आहे. ती वापरण्याची तसदी थोडेच घेतात.

यंदाच्या प्रदर्शनांत नववीच्या एका मुलानें शाळेच्या ग्रंथालयासाठीं केलेलें ॲप मांडलें होतें. पाहुणे वाहवा करीत होते. मीं त्याचा मोबाइल हातीं घेतला, विमानाचें चिन्ह दाबून जाळें तोडलें, आणि एका पुस्तकाची मागणी केली. चक्र फिरूं लागलें. मधली सुटी संपल्याची घंटा झाली, तरी तें फिरतच होतें. मुलाचा चेहरा उतरला, आणि इतक्या लोकांदेखत तसें केल्याचें मला मागाहून वाईट वाटलें. सोमवारीं तो आपण होऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, आतां पाहा." मीं पुन्हां जाळें तोडलें. पंधरा सेकंदांनीं चक्र थांबलें आणि पडद्यावर अक्षरें उमटलीं: "जाळें मिळत नाहीं. तुमची मागणी अजून पाठविलेली नाहीं. ती येथें जपून ठेवली आहे."