टिळकांनी कधीही न भूषवलेले अध्यक्षपद

१/ काँग्रेसच्या अधिवेशनांचे अध्यक्षपद भूषवणाऱ्यांच्या यादीत लोकमान्य टिळकांचे नाव सापडत नाही. तरीही १९०६ आणि १९०७ या दोन वर्षांत त्या पदाची निवड टिळकांच्याच नावाभोवती फिरली. पद न मिळालेला उमेदवार पक्षाला किती वळवू शकतो, आणि त्याला दार बंद केल्यास पक्षाला काय किंमत मोजावी लागते, याचे हे उदाहरण.

२/ आधी पद्धत समजून घ्यायला हवी. त्या काळी काँग्रेसचे प्रतिनिधी अध्यक्षासाठी मतदान करीत नसत. अधिवेशन भरणाऱ्या शहराची स्वागत समिती नाव सुचवी; प्रत्यक्षात फिरोजशहा मेहता, दिनशा वाच्छा, गोखले या मुंबईकडील नेत्यांची संमती निर्णायक ठरे. मांडवात सूचना, अनुमोदन आणि टाळ्या एवढेच उरे.

३/ पद एका अधिवेशनापुरतेच असले, तरी अध्यक्षांचे भाषण ही संस्थेची त्या वर्षीची भूमिका मानली जाई आणि चर्चेची सूत्रेही त्यांच्याच हाती असत. टिळक काँग्रेसमध्ये होते, पण या निर्णय घेणाऱ्या वर्तुळाबाहेर. १८९७ मध्ये राजद्रोहाखाली शिक्षा झालेला माणूस अध्यक्ष झाला तर सरकार सुधारणांचा विचारच सोडून देईल, ही मवाळांची भीती होती.

४/ १९०५ च्या वंगभंगाने चित्र पालटले. बहिष्कार आणि स्वदेशीने बंगाल पेटला. १९०६ चे अधिवेशन कलकत्त्यालाच भरायचे होते. बिपिनचंद्र पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अध्यक्षपदासाठी टिळकांचे नाव पुढे केले. उघड नकार दिला तर बंगालचे तरुण बिथरणार, आणि होकार दिला तर संस्थेची सूत्रे जहालांकडे जाणार, असा पेच पडला.

५/ मवाळांनी तोडगा काढला. इंग्लंडमध्ये असलेल्या दादाभाई नौरोजींना पाचारण केले. वय ८१, त्याआधी दोनदा अध्यक्षपद भूषवलेले, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेले. त्यांना विरोध करणे जहालांना शक्यच नव्हते. टिळकांचे नाव मागे पडले आणि मुंबईच्या नेत्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

६/ पण या खेळीचे मोल द्यावे लागले. सर्वांना मान्य होणारा अध्यक्ष आणला म्हणजे सर्वांना मान्य होईल असे काही बोलावेही लागते. दादाभाईंनी अध्यक्षीय भाषणात ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला. स्वराज्य, बहिष्कार, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण या चार विषयांवर ठराव झाले. उमेदवार हरला, त्याचा कार्यक्रम मात्र बऱ्याच अंशी संस्थेचा झाला.

७/ स्वदेशीच्या ठरावात एक बारकावा होता. प्रसंगी काही झीज सोसूनही देशी मालाला प्राधान्य द्यावे, असा त्याचा आशय होता. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या आणि हातमागांच्या गावी हा शब्दच्छल नव्हता. ‘झीज सोसूनही’ म्हणजे स्वस्त विलायती कापडापुढे महाग देशी कापड घेणारे गिऱ्हाईक. भवानी पेठेसारख्या मागांशी नाते असलेल्या वस्तीतून पाहिले, की अध्यक्ष कोण होणार या दूरच्या वादाचे वजन कळते.

८/ पुढचे अधिवेशन नागपूरला ठरले होते. तेथे टिळकांचे अनुयायी प्रबळ, आणि टिळकांनाच अध्यक्ष करण्याचा त्यांचा आग्रह. नोव्हेंबर १९०७ मध्ये अधिवेशन सुरतेला हलवण्यात आले. अध्यक्ष यजमान प्रांताचा नसावा असा संकेत होता. सुरत मुंबई इलाख्यात, टिळकही त्याच इलाख्याचे. केवळ गाव बदलून उमेदवार बाद झाला. नियम न मोडता डाव उलटवण्याचे याहून चोख उदाहरण क्वचितच मिळेल.

९/ जहालांनी मग नुकतेच मंडालेहून सुटलेल्या लाला लजपतराय यांचे नाव सुचवले. लालाजींनी माघार घेतली. मवाळांचे उमेदवार होते रासबिहारी घोष. कलकत्त्याचे चार ठराव कायम ठेवण्याची हमी मिळाल्यास विरोध सोडण्याची तयारी टिळकांनी दाखवली. म्हणजे त्यांचा मुद्दा खुर्चीचा नव्हता, ठरावांचा होता. नव्या मसुद्यातून ‘झीज सोसूनही’ हे शब्द गाळल्याची जहालांची तक्रार होती. हमी मिळाली नाही.

१०/ २६ डिसेंबर १९०७ रोजी घोष यांच्या नावाला अनुमोदन देण्यासाठी सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहताच गोंधळ झाला आणि सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी बोलू देण्याची लेखी मागणी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे केली होती. उत्तर आले नाही. टिळक व्यासपीठावर चढले. तेवढ्यात एक दख्खनी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ व फिरोजशहांना लागला. खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला.

११/ एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादेस मवाळांनी काँग्रेसची घटना तयार केली. ध्येयपत्रिका मान्य असल्याची सही केल्याशिवाय प्रतिनिधी होता येणार नव्हते. नियम आले, पण वाद सोडवण्यासाठी नव्हे, वादी बाहेर ठेवण्यासाठी. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. जहाल काँग्रेसमध्ये परतले ते थेट १९१६ च्या लखनौ अधिवेशनात.

१२/ सुरतेचा दोष बहुधा त्या जोड्यावर किंवा टिळकांच्या हट्टावर टाकला जातो. जहालांची दांडगाई समर्थनीय नाही. पण खरा दोष पद्धतीत होता. मतभेद मोजण्याचे साधनच संस्थेकडे नव्हते. मते मोजली असती तर टिळक कदाचित हरले असते, पण हरलेल्या बाजूला आपले बळ कळले असते आणि जिंकलेल्या बाजूला तडजोडीची मर्यादा. मोजणी नसल्याने दोन्ही बाजूंना आपणच बहुमतात आहोत असे वाटत राहिले.

१३/ अमेरिकेतील २०१६ ची प्राथमिक निवडणूक शेजारी ठेवून पाहावी. अपक्ष सिनेटर बर्नी सँडर्स डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागण्यास उतरले आणि हिलरी क्लिंटन यांच्याकडून हरले. तरी किमान वेतन तासाला १५ डॉलर करण्याची त्यांची मागणी पक्षाच्या जाहीरनाम्यात आली. २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलून, चुरशीच्या लढतीत पक्षश्रेष्ठींच्या राखीव प्रतिनिधींचे पहिल्या फेरीतील मत काढून घेतले. कार्यक्रम बदलला, नियमही बदलले. पक्ष मात्र फुटला नाही.

१४/ काँग्रेसमध्येही हे घडू शकते. ऑक्टोबर २०२२ मध्ये, सोलापूरच्या शेजारच्या कलबुर्गीत राजकारण घडलेले मल्लिकार्जुन खर्गे ७,८९७ मते मिळवून अध्यक्ष झाले. संयुक्त राष्ट्रांतील कारकिर्दीनंतर २००९ मध्ये पक्षात आलेल्या शशी थरूर यांना १,०७२ मते पडली. लढत समान पातळीवर नसल्याची तक्रार थरूर यांनी केली होती. तरीही असंतोषाला आकडा मिळाला, आणि पुढच्याच वर्षी थरूर कार्यसमितीत आले.

१५/ बिनविरोध निवडीला ऐक्य मानण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे; सहकारी संस्थेपासून राष्ट्रीय पक्षापर्यंत ती दिसते. सुरत सांगते की ते ऐक्य नसून पुढे ढकललेले भांडण असू शकते. बाहेरचा उमेदवार जिंकावा असे नाही. त्याला उभे राहता यावे, बोलता यावे, आणि त्याची मते मोजली जावीत, एवढे पुरे. पक्ष वाचवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

१६/ १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी टिळकांची अध्यक्ष म्हणून निवड झालीच. पण चिरोलवरील खटल्यासाठी त्यांना इंग्लंडला जावे लागले आणि ते स्थान पंडित मदनमोहन मालवीय यांनी सांभाळले. तोवर टिळकांना त्या खुर्चीची गरज उरली नव्हती. १९०६ मध्ये ज्या शब्दाची धास्ती घेतली गेली, तो ‘स्वराज्य’ शब्द बारा वर्षांत साऱ्या काँग्रेसची भाषा झाला होता.