आधी तारीख दाखवा

शिळी बीअर पाजायची आणि वर पिणाऱ्याचीच जीभ कच्ची म्हणायची, हा उद्दामपणा मी गोव्यात पर्वरीच्या एका दुकानात पाहिला. क्राफ्ट बीअरचं टेस्टिंग होतं. प्रवेश आठशे रुपये, पाच नमुने, समजावून सांगायला एक तज्ज्ञ. मे महिन्यातली संध्याकाळ. कॅनचे खोके मागच्या बिनपंख्याच्या खोलीतून आले आणि माझ्यासमोर बर्फाच्या टबात रिकामे झाले. थंड झाली म्हणजे बीअर ताजी झाली, असा या मंडळींचा समज दिसतो.

तिसरा नमुना हेझी आयपीएचा. ही बीअर गढूळ पिवळी, नारंगीकडे झुकणारी असते. प्लास्टिकच्या पेल्यात पडली ती चहाच्या रंगाची. तज्ज्ञ म्हणाले, आंबा शोधा, संत्रं शोधा. माझ्या शेजारच्या मुलीने एक घोट घेतला आणि सरळ सांगितलं, “मला ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतंय.” तज्ज्ञ हसले. “मॅडम, पॅलेट डेव्हलप व्हायला वेळ लागतो.” चारजण त्यांच्याबरोबर हसले. मुलगी गप्प झाली आणि तिने समोरच्या कार्डावर ‘आंबा’पुढे खूण केली.

त्या खोलीत बीअर खरोखर चाखली होती ती त्या एकटीने. बीअरला प्राणवायू लागला, ती उष्म्यात पडून राहिली, की तिच्यात ट्रान्स-टू-नोनेनल नावाचं द्रव्य वर येतं आणि त्याची ओळख जगभर ओल्या पुठ्ठ्याच्या चवीनेच सांगतात. बीअर पारखणाऱ्यांना प्रशिक्षणात मुद्दाम शिकवला जाणारा हा दोष तिने कुणी न शिकवता पकडला. मी रिकामा कॅन उलटा केला. तळाशी तारीख होती गेल्या ऑक्टोबरची. दुकानदाराला दाखवली तर म्हणाला, “सर, तारीख बघून घ्यायला हे काय दूध आहे?”

हो, हेझी आयपीए दुधाच्याच जातीची आहे. तिचा सगळा जीव हॉप्स या फुलांच्या सुगंधी तेलांत असतो आणि तीच आधी उडून जातात. थंडीत नीट ठेवली तरी काही आठवड्यांत तिचा भर ओसरू लागतो. तापमान दहा अंशांनी चढलं की बिघाडाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. गोव्याच्या उन्हाळ्यात बंद खोलीत सात महिन्यांच्या मालाचं काय होत असेल, हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही. त्याच दुकानाच्या दर्शनी फ्रिजमध्ये पारदर्शक बाटल्या पांढऱ्या दिव्यांखाली ओळीने मांडल्या होत्या. प्रकाशाने हॉप्समधलं कडू द्रव्य फुटतं आणि बीअरला गंधकी, उग्र वास मारू लागतो. बीअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच. बीअर विकून पोट भरणाऱ्याला एवढंही माहीत नसावं?

तज्ज्ञांनी वर गोष्ट ऐकवली ती इंडिया पेल एलची, म्हणजे आयपीएची. म्हणे हिंदुस्थानच्या प्रवासात बीअर नासायची, म्हणून लंडनच्या हॉजसन नावाच्या ब्रुअरने जास्त हॉप्स घालून ही बीअर शोधून काढली. मार्टिन कॉर्नेलसारख्या बीअरच्या इतिहासकारांनी ही दंतकथा केव्हाच मोडीत काढली आहे. इतर बीअरही केप ऑफ गुड होपला वळसा घालून इथे धड पोचत होत्या, आणि गोऱ्या शिपायांसाठी काळी पोर्टर तर गलबतं भरभरून येत होती. समुद्रप्रवासात टिकणाऱ्या बीअरची खोटी गोष्ट सांगून गोदामात मेलेली बीअर विकायची, आणि लोकांनी माना डोलवायच्या!

हे गोव्यात चालावं याचा मला जास्त संताप येतो. इथे काजूचा हंगाम आला की हुर्राक कुठल्या भट्टीचा, कधी काढला, हे विचारल्याशिवाय कुणी पेला पुढे करत नाही. एकदाच गाळलेला तो हलका हुर्राक त्या हंगामातच प्यायचा, हे गावातल्या म्हाताऱ्यांना कुणी कार्ड वाटून शिकवलेलं नाही. तीच माणसं डब्यावर वाघ आणि अंतराळवीर छापलेला पाहिला की तारीख विचारायला लाजतात, कारण अडाणी ठरण्याची भीती. ही भीती जाणूनबुजून विकली जाते.

मार खातो तो बीअर बनवणारा. 2009 साली पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हा टाकी आणि पेला यांत काही पावलांचं अंतर होतं. बिघडायला वेळच नव्हता. आता कॅन गावोगाव जातात, त्यातल्या कित्येक छोट्या उत्पादकांची बीअर पाश्चराइझही केलेली नसते. परदेशातून हॉप्स मागवायचे, आठवडेच्या आठवडे यीस्ट सांभाळायचं, आणि शेवटी दुकानदाराने ते सगळं बिनपंख्याच्या खोलीत फेकायचं. ती मुलगी पुन्हा आयपीए घेईल असं वाटतं का कुणाला? तिच्या मते आयपीए म्हणजे पुठ्ठा, आणि तो न आवडणं हा तिचा दोष.

टेस्टिंग जरूर करा. प्रत्येक नमुन्याची तारीख फळ्यावर लिहा, माल पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवा, काचेचे स्वच्छ ग्लास द्या. एकाच आयपीएचा या महिन्यातला कॅन आणि मागच्या खोलीतला कॅन शेजारी शेजारी ओता, नावं झाका. आणि फरक सांगायला त्या मुलीला बोलवा, आठशे रुपये न घेता.