मुदत कुणाची संपली?

"बेटी, तुझ्या ऑर्डरची मुदत संपत आली. आता पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा जमातीत बसून मिटवून टाक." मारहाणीला कंटाळून संरक्षण आदेश मिळविलेल्या बाईला आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग हे इतक्या मायेने सांगतात की ते निम्मे खोटे आहे, हे तिच्या ध्यानातही येत नाही.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. त्याचे कलम २५ साफ सांगते की, कलम १८ खालचा संरक्षण आदेश ती बाई स्वतः 'रद्द करा' असा अर्ज देईपर्यंत चालू राहतो. वाढवून घेण्याचा प्रश्नच येत नाही. नवऱ्याला तो बदलून हवा असेल तर त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊन परिस्थिती बदलल्याचे दाखवावे. तो बदलही आदेशानंतरचा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली बजावले आहे. म्हणजे खेटे त्याने घालायचे!

मुदतीची भीती असते ती कलम २३ च्या अंतरिम आदेशाला. तो नवऱ्याचे म्हणणे ऐकण्याआधीही मिळू शकतो. पण 'पुढील तारखेपर्यंत' असे त्यात लिहिलेले असेल आणि त्या तारखेला वकीलसाहेब फिरकलेच नाहीत, आदेश चालू ठेवा असा अर्ज कुणी दिलाच नाही, तर संरक्षण गळून पडते. 'पुढील आदेशापर्यंत' असे शब्द असतील तर गोष्ट वेगळी. आदेशाची प्रत फुकट मिळते. तिच्या शेवटच्या चार ओळी जाणत्या माणसाकडून वाचून घ्याव्यात. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो खरा, पण कोर्टाच्या तारखा आपण सारेच जाणतो.

आणि जमातीच्या बैठकीचे काय? पती-पत्नीच्या तंट्यात एक पंच त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा असावा, असे सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत सांगितले आहे. आमच्या बैठकीत तिच्या बाजूने बसतो तो थोरला भाऊ, ज्याला बहिणीला परत धाडण्याची घाई झालेली असते. ती स्वतः दाराआड. स्टॅम्पपेपरवर 'मी राजीखुशीने ऑर्डर मागे घेते' हे वाक्य आधीच टाइप केलेले. एक सही, आणि कलम २५ चा अर्ज तयार! आदेश असताना तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेश गेला की पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात.

"तलाक दिला, आता कसली ऑर्डर?" असेही विचारतात. मुंबईच्या एका मुस्लिम महिलेच्या प्रकरणात, जिथे खुला झाला होता, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले की, विवाह संपला म्हणून आधीच्या हिंसेची जबाबदारी संपत नाही. यात शरियतला कुठे धक्का लागला? निकाह, मेहेर यांना हा कायदा हातही लावत नाही.

समेट जरूर करा. एकत्र राहण्याच्या आड येणारी एखादी अट असेल तर तेवढी कोर्टातून बदलून घ्या. पण नवऱ्याची नियत साफ असेल, तर 'मारू नकोस, धमकावू नकोस' एवढे सांगणारा कागद तिच्या कपाटात राहिला म्हणून त्याचे काय अडते?