दिवाबत्तीची तरतूद

संगणक अकस्मात मंदावला, त्याचा पंखा घोंघावू लागला आणि हातातले काम अडून बसले, म्हणजे जाणकार मनुष्य प्रथम एक खिडकी उघडतो, जिच्यात प्रोसेसर किती व्यग्र आहे, मेमरीचा कितवा हिस्सा अडला आहे आणि कोणता प्रोग्रॅम आपल्या वाट्याहून अधिक घेतो आहे, याचा क्षणाक्षणाचा जमाखर्च मांडलेला असतो. या साधनाला सिस्टिम मॉनिटर म्हणतात. लिनक्सवर चालणारी अशी बहुतेक साधने मुक्त स्रोताची, म्हणजे ज्यांची घडण कोणीही वाचावी, दुरुस्त करावी आणि विनामूल्य वापरावी अशी आहेत. आणि त्यांची निगा राखणारी माणसे बहुधा दिवसाची नोकरी आटोपून, रात्रीच्या उरलेल्या प्रहरी, बिनपगारी राबत असतात. नव्या रायपुरात संगणकांच्या प्रचंड इमारतींच्या कोनशिला बसत असताना या निगेचा प्रश्न आमच्या छत्तीसगढ राज्याने आपला मानावा आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकदा लिहिलेला प्रोग्रॅम झिजत नाही, मग त्याला निगा कसली, असा प्रश्न सुबुद्ध माणसेही विचारतात. प्रोग्रॅम झिजत नाही हे खरे, परंतु त्याच्या भोवतालची सृष्टी सतत पालटत असते. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो ‘प्रॉक’ नावाच्या दालनात आपली खातेवही उघडी ठेवतो. यंत्र सुरू झाल्यापासून प्रोसेसरचा किती वेळ कोणत्या कामी खर्ची पडला याचे वाढते आकडे तेथे असतात, आणि सिस्टिम मॉनिटर ते थोड्या थोड्या अंतराने वाचून, पुढल्या आकड्यातून मागला वजा करून, आपला आलेख काढतो. वजाबाकी सोपी आहे. रकाने मात्र बदलतात. मेमरीचेच घ्या. लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवीत नाही. डिस्कवरून एकवार वाचलेला मजकूर तो तीत राखून ठेवतो आणि गरज पडताच ती जागा सोडून देतो, त्यामुळे ‘मोकळी’ या रकान्यात नेहमीच थोडे दिसे आणि अजाण वापरणारा घाबरून नवी मेमरी विकत आणावयास धावे. २०१४ साली कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीत ‘उपलब्ध’ असा निराळा रकाना आला, तेव्हा कोठे खरा अंदाज सहजी मिळू लागला. पण तो पडद्यावर उमटावा म्हणून ज्याच्या त्याच्या मॉनिटरच्या पालकाला आपला प्रोग्रॅम पुन्हा उघडून बसावे लागले. पुढे २०१७ साली एएमडी कंपनीचे रायझन १७०० एक्स आणि १८०० एक्स हे प्रोसेसर आले. त्यांचा तापमापक, पंख्याच्या नियंत्रणाच्या सोयीसाठी म्हणून, प्रत्यक्षाहून वीस अंश अधिक सांगे. वैशाखात ज्या शहराचा पारा पंचेचाळिशीकडे झुकतो त्या रायपुरात ही वीस अंशांची तफावत म्हणजे धडधाकट यंत्र बिघडले असे समजून दुरुस्तीला नेणे होय. ती वजावट कोणीतरी बसून ड्रायव्हरात घातली. असे ‘कोणीतरी’ सदैव असतीलच, या गृहीतावर आपला सारा संसार चालला आहे.

हे गृहीत किती तकलादू आहे, हे २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळले. अँड्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा प्रोग्रॅमर पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग मोजीत होता. मोजमापात व्यत्यय नको म्हणून यंत्रावरची इतर हालचाल न्याहाळताना दूरस्थ प्रवेशाची ‘एसएसएच’ ही सेवा प्रोसेसरचा नको इतका वेळ खाते आणि प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्याच्या ध्यानी आले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत गेल्यावर फायली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी चोरदरवाजा बसविल्याचे उघडकीस आले. त्या साधनाची निगा फिनलंडचा लासे कॉलिन वर्षानुवर्षे एकटा, विनावेतन पाहत होता. आपली मानसिक प्रकृती बरी नसते आणि हे काम फुकटाच्या हौसेचे आहे, हे त्याने २०२२ साली उघडपणे सांगितलेही होते. याच काळात ‘जिया टॅन’ असे नाव घेतलेल्या इसमाने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीसाच्या वेषाने विश्वास संपादन केला आणि किल्ल्या हाती येताच घात केला. थकलेल्या माणसाला वेळीच एक पगारी सहायक मिळता, तर त्या तोतयाला उंबरठा ओलांडणे इतके सुकर झाले नसते, असे मला वाटते. आणि प्रोसेसरच्या जमाखर्चाकडे डोळसपणे पाहण्याची सवय एका माणसाला नसती, तर अनर्थ टळला नसता.

आता घरची गोष्ट. २८ नोव्हेंबर २००७ रोजी विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले, आणि त्यानंतर दोनएक वर्षांच्या आतच ‘रवि रतलामी’ या नावाने प्रसिद्ध असलेले माजी विद्युत अभियंते रविशंकर श्रीवास्तव यांच्या परिश्रमाने केडीई हा लिनक्सचा अख्खा डेस्कटॉप छत्तीसगढीत अवतरला. त्या कामाला मंथन पुरस्कारही लाभला. केडीईचा सिस्टिम मॉनिटर त्या वेळी केसिसगार्ड हा होता. क्रिस श्लेगर या जर्मन प्रोग्रॅमरने तो उभा केला आणि पुढे जॉन टॅपसेल याने सांभाळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये केडीईच्या प्लाझ्मा या डेस्कटॉपच्या ५.२१ या आवृत्तीबरोबर त्याची जागा प्लाझ्मा सिस्टिम मॉनिटर या नव्या प्रोग्रॅमने घेतली. हा बदल आवश्यकच होता. परंतु नव्या प्रोग्रॅमची वाक्ये नवी असतात, आणि जुन्या वाक्यांचे भाषांतर आपल्या पायांनी चालत त्यांच्याकडे जात नाही. ते नेणारा माणूस लागतो. राजभाषेच्या दिनाचा समारंभ दरवर्षी होतो, पण संगणकावरली छत्तीसगढी दर सहा महिन्यांनी ताजी ठेवणारे पद कोणत्याही दफ्तरात नाही. याउलट त्याच सुमाराला पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या कचेरीत भाषांतराला पगारी माणसे होती, म्हणून ग्नोम हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप मराठीत आवृत्तीमागून आवृत्ती नेटाने तयार होत गेला. मराठी माणूस छत्तीसगढी माणसाहून अधिक भाषाभक्त होता असे मुळीच नव्हे. तेथे नेमणूक होती, येथे नव्हती, एवढेच.

या भूमीला असा अनुभव नवा नाही. जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले. रामराव चिंचोलकर संपादनाला जोडीदार होते, आणि ज्यांच्या नावाने रायपुरातले लाखेनगर आजही ओळखले जाते ते वामन बळीराम लाखे प्रकाशक होते. पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणाऱ्या लेखणीचे ते मासिक, वाचकांची वाखाणणी होत असतानाही, डिसेंबर १९०२ मध्ये पैशाअभावी बंद पडले. विद्वत्ता, त्याग, निष्ठा यांपैकी तेथे काही उणे नव्हते. उणे होते ते दरमहाच्या खर्चाचे निश्चित साधन.

जुन्या मराठी कारभाऱ्यांना हे मर्म ठाऊक होते. छत्तीसगढवर राज्य करणाऱ्या बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरच्या टेकडीवर राममंदिर बांधले, तसे मंदिर त्या काळी कोणी बांधले, की बांधकामाच्या खर्चावर हिशेब मिटत नसे. पूजाअर्चा, नैवेद्य आणि दिवाबत्ती यांसाठी इनाम जमीन किंवा रोख नेमणूक लावून देण्याची आणि तिची सनद करून देण्याची वहिवाट होती. कळस एकदा चढतो, तेल रोज लागते. ज्या धन्याला तेलाची तजवीज सुचली नाही त्याचे बांधकाम अपुरे, असेच त्या व्यवहाराचे शास्त्र होते. हेच शास्त्र सॉफ्टवेअरलाही लागू आहे. २०१५ साली भारत सरकारने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला पसंती देण्याचे धोरण जाहीर केले, ते योग्यच झाले; तथापि वापरा म्हणणे आणि सांभाळा म्हणणे या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, आणि दुसरीसाठी पैसा लागतो.

यावर आक्षेप येतो की सारे जग जे फुकट वापरते त्याचा खर्च छत्तीसगढच्या करदात्याने का सोसावा. जर्मनीने २०२२ साली याच प्रकारच्या पायाभूत सॉफ्टवेअरच्या संगोपनासाठी सार्वभौम तंत्रनिधी उभारला, आणि आपल्याकडे झिरोधा या खासगी पेढीने २०२४ साली वर्षाला दहा लक्ष डॉलर मुक्त स्रोताच्या कामांना देण्याचे जाहीर केले, ते परोपकारबुद्धीनेच केले असे नाही. ज्याच्यावर आपला व्यवहार उभा आहे ते पडले तर प्रथम आपणच गाडले जाऊ, हा त्यामागचा हिशेब आहे. दुसरा आक्षेप मला अधिक विचारार्ह वाटतो: पगार आला की हुकूम येतो, आणि हौसेने चाललेल्या कामात साहेबी शिरते. ही भीती खोटी नाही. म्हणून नेमणूक अशी हवी की काय दुरुस्त करावयाचे ते त्या त्या प्रकल्पाच्या मंडळीने ठरवावे आणि राज्याने केवळ हात पुरवावेत. हात वेळेवर मिळाले की काय होते, तेही दिसले आहे: ब्राझीलच्या हिशाम मुहम्मदने २००४ साली सुरू केलेला एचटॉप हा मॉनिटर अडून पडला असता २०२० साली नव्या गटाने तो हाती घेतला, आणि त्याच वर्षी त्याची ३.० ही आवृत्ती बाहेर आली.

माझी मागणी मोठी नाही. रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत किंवा नव्या रायपूरच्या आयआयआयटीत दोन पदे निर्माण करावीत, एक प्रोग्रॅमरचे आणि एक भाषांतरकाराचे. मुदत किमान पाच वर्षांची असावी, वेतन प्राध्यापकाच्या तोडीचे असावे, आणि त्यांनी केलेली प्रत्येक दुरुस्ती राज्याच्या कपाटात न ठेवता मूळ प्रकल्पाच्या भांडारात जमा व्हावी. पहिले काम तयारच आहे: प्लाझ्मा सिस्टिम मॉनिटरची सारी वाक्ये छत्तीसगढीत आणावीत, आणि महाराष्ट्राने मनावर घेतले तर त्याच बैठकीत मराठीची बाजूही तपासून घ्यावी. ते काम काही महिन्यांत उरकेल. पदे मात्र त्यानंतरही चालू राहिली पाहिजेत, कारण प्लाझ्माची पुढली आवृत्ती तोवर आलेली असेल.