पावसाचें पाणी व गांवचें उद्यान

वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. येथें पद्मतीर्थ आहे, बालाजीच्या देवळाजवळ देवतलाव आहे. पाणी साठावें आणि काठीं माणसांनीं विसावावें, हे दोन्ही हेतु अशा तलावांनीं एकाच जागीं साधतात. आज मात्र पाण्यास गटार व शोभेस बाग, अशी फारकत आपण केली आहे.

आमची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते, पण भिजतांच फुगून पाणी वर लोटूं लागते. त्यांत अंगणोअंगणीं सिमेंट ओतलें कीं रस्त्यांचे ओढे होतात.

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरीं २ जुलै २०११ रोजीं ढगफुटी झाली. नगरपालिकेनें मग एंघावे हें जुनें उद्यानच खोलगट केलें. २०१९ पासून त्यांत सुमारें २२,६०० घनमीटर पाणी मावतें. एरव्हीं तेथें मुलें खेळतात.

"डांस होतील," असें कोणी म्हणेल. परंतु डांसाची वाढ पुरी होण्यास सुमारें आठवडा लागतो. पाणी दोन दिवसांत तलावाकडे वळविलें तर भय नाहीं.

पालकांनीं अंगणाचा एक कोपरा मातीचाच राखावा. विद्यार्थ्यांनीं मैदानाच्या सखल भागीं हिरवळ जोपासावी. पाऊस ईश्वर सर्वांस सारखाच देतो. पूर मात्र सखल वस्तींतील गरिबाच्याच घरांत शिरतो, हा दोष आपला होय.